गुरुवारचा पहिला घोट

'पांढरा कोंबडा' कॅफे,
रविवार, दुपार

प्रिय योरिस,

मठात तुला सगळे ब्रदर आर्सेन म्हणतात हे मला ठाऊक आहे. बावन्न वर्षांत ते नाव माझ्या तोंडात काही बसलं नाही, तेव्हा आजही मी योरिसच म्हणणार. हे पत्र तुझ्या आधी मठाधिपती वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग, आणि यात पापाचं काही नाही, बिअरचं आहे, हेही सांग. कागदावर जागोजागी पिवळट डाग दिसतील. सांडलवंड केली असं समजू नकोस, त्यांचं काय ते शेवटी सांगते.

सरळ मुद्द्यावर येते, कारण आडून बोललेलं तुला कधीच कळलं नाही. तुझी काळी बिअर बिघडली आहे. गेल्या ईस्टरपासून बिघडत चालली आहे, आणि सप्टेंबरात मी मठाच्या फाटकावरून जे क्रेट आणले त्यातली तर माझ्या घशाखाली उतरेना. येत्या गुरुवारी सेंट मार्टिनच्या सणाची बिअर तुझ्यासमोर चाखायला ठेवतील. तू घोट घेऊन 'चांगली आहे' म्हणालास की ती सगळ्या पंचक्रोशीत जाणार, माझ्या कॅफेतही येणार, आणि मी ती लोकांपुढे ठेवणार. ते मला करायचं नाही. म्हणून हा खटाटोप.

आता तू भुवया वर करशील. इर्माला बिअरमधलं काय कळतं, असं म्हणशील. योरिस, तू ती बनवतोस, पण ओतते मी. चाळीस वर्षं ओतते आहे. बाटली तळघरातून आणायची, फ्रीजमधून नाही. पेला गार पाण्याने विसळायचा, पुसायचा नाही. बाटली हलू द्यायची नाही, तळाचा बोटभर गाळ आत ठेवायचा, आणि ओमेर आला असेल तर तो गाळ त्याला वेगळ्या छोट्या ग्लासात द्यायचा, कारण त्याचं पोट त्याशिवाय साफ होत नाही म्हणे. मग पेला समोर ठेवून थोडं थांबायचं. पूर्वी थांबलं की आधी भिजवलेल्या मनुकांचा वास यायचा, त्यामागून सुक्या आलुबुखारांचा, आणि सगळ्यात शेवटी भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावाच्या करपट कडेचा. पहिल्या घोटाला गोड लागायची. दुसऱ्या घोटाला ती गोडी कुठे गेली कळायचं नाही. आणि कडवटपणा अगदी मागाहून यायचा, निघालेला पाहुणा दारात थांबून अजून दोन शब्द बोलतो तसा. मग छातीत ऊब. नवख्या माणसाने घाईघाईने दोन पेले घेतले की त्याला खुर्चीवरून उठवायला मी आणि माझा नवरा कामिल दोघं लागायचो.

आताची तुझी काळी दारात पाहुण्यासारखी थांबत नाही, दार धडाधडा वाजवते. आधी करपलेल्या भांड्याचा वास, मग पाकाची चिकट गोडी, मग पुन्हा करपट. मनुका नाहीत, पाव नाही, काही नाही. 

आणि हे कळायला मला किती दिवस लागावेत? त्याचाच तर संताप आहे. शुक्रवारी मी तुझ्याच बिअरमध्ये गोमांस शिजवते, वर मोहरी फासलेला पावाचा तुकडा टाकून, तीन तास मंद आचेवर. माझ्या शुक्रवारच्या रश्श्यासाठी लोक शेजारच्या गावातून सायकली मारत येतात. मे महिन्यात तो रस्सा कडू झाला. मी खाटकाकडे जाऊन त्याला चार गोष्टी सुनावल्या, म्हटलं म्हातारी गाय विकतोस आणि वर कालवड म्हणून सांगतोस. पुढच्या शुक्रवारी पुन्हा कडू. मग मी मोहरी बदलली. मग पाव बदलला. मग सासूबाईंचं बिडाचं भांडं, जे साठ वर्षांत कुणी माळ्यावर टाकलं नव्हतं, ते माळ्यावर टाकलं. पेल्यांना साबण लागतोय की काय म्हणून साबण बदलला, मग पेलेच बदलले. खाटीक अजून माझ्याशी धड बोलत नाही. चर्चमध्ये समोरासमोर आलो की टोपीला हात लावतो आणि दुसरीकडे बघतो. सगळ्यांवर संशय घेतला मी, पण तुझ्यावर घेतला नाही.

मग स्वतःवर घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जीभ गेली असेल, दुसरं काय. हे मी ओमेरला बोलून दाखवलं तर तो म्हणतो, "अगं जीभ कुठली जातेय तुझी, सकाळपासून सगळ्या गावाला तासतेयस तिने." ओमेर तुला आठवत असेलच, तुमच्या मठाला हॉप्सची फुलं देतो तोच. सप्टेंबरात तुमच्याकडे पोती टाकून तो थेट माझ्याकडे आला होता. नेहमीच्या खुर्चीत बसला आणि सहज म्हणाला, "तुझे ते ब्रदर मोठे साहेब झालेत हं आता. फुलं हातात पण नाही घेतली यंदा. नुसती बघितली लांबून आणि म्हणाले, घ्या आत." मी म्हटलं, त्यांना गुडघ्याचा त्रास असेल, वाकवत नसेल. फुलं हातात घ्यायला वाकावं लागत नाही हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

गेल्या रविवारी मी एक काम केलं. ते सांगायला जरा लाज वाटते, पण आता या वयात लाज ठेवून तिचं करायचं काय? माझ्या तळघरात डाव्या भिंतीला एक फळी आहे. तू भट्टी हातात घेतलीस त्या वर्षापासून दर वर्षीची एकेक बाटली मी तिथे उभी करून ठेवली आहे, खडूने साल घालून. धूळ पुसायची पण हलवायची नाही. कामिलला ती फळी माहीत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि तळघरात पाणी शिरलं त्या हिवाळ्यात मी माहेरी होते, तर त्याने आधी त्या बाटल्या वर आणल्या, मग बाकीचं सामान. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. चांगला माणूस होता आणि मी त्याच्याशी चांगली वागले, एवढं मला तुला सांगायचं होतं.

तर त्या फळीवरची पाच वर्षांपूर्वीची बाटली काढली, आणि या सप्टेंबरची. दोन सारखे पेले. ओमेरला डोळे मिटायला लावले आणि एकेक हातात दिला. जुन्या पेल्याला चेहरा मऊ झाला त्याचा. नव्या पेल्याला त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "ही आत्ताची. जूनपासून अशीच येतेय." जूनपासून. मी विचारलं, मग इतके महिने बोलला का नाहीस? तर म्हणतो, "तू चिडतेस." मी रस्सा कडू, मोहरी खराब, साबण वाईट म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हा माणूस रोज चार वाजता माझ्यासमोर बसून ती बिअर मुकाट्याने पीत होता. या भागातल्या माणसांना देवाने तोंड फक्त खायला-प्यायला दिलंय की काय असं मला अधूनमधून वाटतं.

आणि मंगळवारी तुमचा लीव्हन आला. तुमची भट्टी सांभाळणारा माणूस माझ्या कॅफेत येतो आणि कॉफी मागतो, तेव्हाच मी ओळखलं की पाणी मुरतंय. कॉफी गार होईपर्यंत तो चमचा फिरवत राहिला. मी म्हटलं, लीव्हन, तुझी बिअर भिकार झालीय. तर त्या चाळीस वर्षांच्या बाप्याचे डोळे भरून आले. "माझी नाही हो इर्मामावशी," म्हणाला. "मी कृतीला कधी हात नाही लावला. दर वेळी चाखून झालं की ब्रदर आर्सेन म्हणतात, फिकी वाटतेय, पुढच्या खेपेला पाक अजून काळा कर. मी करतो. पुढच्या खेपेला परत म्हणतात फिकी वाटतेय, जव जरा जास्त भाज. मी भाजतो. आता भाजायचं काही उरलंच नाही." मी विचारलं, आणि टेबलावर बाकीचे काय करतात? अकरा जण बसता ना? तर म्हणाला, "तुम्हाला माहितीय आमची रीत. सगळ्यात ज्येष्ठ ब्रदरने पहिला घोट घ्यायचा आणि पहिला शब्द बोलायचा. ते 'चांगली आहे' म्हणाले की आम्ही माना डोलावतो. त्यांच्यावर बोलायचं म्हणजे... कोण बोलणार मावशी?"

मी त्याच्यावर डाफरले. म्हटलं, अकरा दाढीवाले पुरुष एका म्हाताऱ्याला घाबरता. तो म्हणाला, "घाबरत नाही हो. त्यांच्यावर जीव आहे सगळ्यांचा. या बिअरवर त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांना कसं सांगायचं की..." मग एवढंच सांगितलं की मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पार कोळसा झालं, धूर बाहेरच्या ओवरीपर्यंत आला, सगळे धावले, आणि तू भिंतीच्या पलीकडे शांतपणे प्रार्थनेचं पुस्तक वाचत बसला होतास. तेवढ्यावर मला ओमेरच्या फुलांची गोष्टही कळली.

योरिस, तुला माझी आई आठवते ना. तिच्या कांद्याच्या सूपसाठी तू आमच्या मागच्या दाराने यायचास. शेवटच्या वर्षांत ती त्यात मीठ घालत सुटली. दर वेळी चव घ्यायची, मान हलवायची, अजून चिमूट टाकायची. बाबा तो खारट काढा एक शब्द न बोलता संपवायचे आणि नंतर गपचूप मोरीत जाऊन तांब्याभर पाणी प्यायचे. मीही प्यायले. आम्हाला वाटायचं आम्ही तिची काळजी घेतोय. मग नाताळात मावशीची मंडळी जेवायला आली, आणि तिच्या नातवाने पहिला चमचा तोंडात घातला आणि टेबलावर थुंकला. आईने सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. तिला कळलं की आम्हाला कधीपासून माहीत होतं. सुपाचं तिला काही वाटलं नाही, पण आम्ही गप्प राहिलो ते तिला लागलं. पुन्हा तिने चुलीला हात लावला नाही. तुझं असं कुठल्या तरी परक्या माणसाच्या थुंकण्याने व्हायला नको.

मला कळतंय की हे तुला अकरांपैकी कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्या बाईशी तू बावन्न वर्षांत तीनदा बोललास, त्यातलं एकदा तुझ्या आईच्या अंत्यविधीला, तिने नव्हे. त्याचाही राग आहे मला. पण लीव्हन उठताना म्हणाला, "तुमचं ऐकतील ते." मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तर बिचारा लाल झाला आणि टोपी शोधायला लागला. म्हणजे मठात काहीतरी बोलला असशील कधीतरी. मला न सांगता जगाला सांगायची तुझी सवय जुनीच.

तुझ्या काकांच्या मळ्यात तेव्हा यंत्र आलं नव्हतं. हॉप्सचे वेल खाली ओढून आपण दिवसभर फुलं खुडायचो आणि संध्याकाळी हात काळे पडायचे, कडू व्हायचे, पाव खाल्ला तरी कडू लागायचा. तू मूठभर फुलं दोन तळव्यांत चोळायचास आणि तळवे माझ्या नाकाशी धरायचास. म्हणायचास, सांग, काय काय येतंय यात. मी म्हणायचे गवत. तू म्हणायचास, नीट घे. मग मी म्हणायचे संत्र्याचं साल, मिरी, ओली माती, आणि तू खूश व्हायचास. वास घ्यायला मला तू शिकवलंस. आज मला तुझ्या बिअरमधलं जे काही कळतं ते त्या तळव्यांतलं आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तू रिकाम्या खांबाला टेकून उभा होतास आणि म्हणालास, "मी डोर्नबेकच्या मठात जातोय. वर्षभर बघतो जमतं का. ठीक आहे ना?"

आणि मी मान डोलावली.

इतकी वर्षं मी तुझ्यावर चिडत आले, की तू असं कसं विचारलंस, की उत्तर ठरवून मग विचारलंस. पण मंगळवारी लीव्हन त्या टेबलाबद्दल सांगत होता आणि मला त्या अकरा माना दिसत होत्या, तेव्हा त्यांच्या ओळीत मला मीही दिसले. पहिला शब्द तू बोललास, आणि मी मान डोलावली. 'ठीक नाही' म्हणायला किती वेळ लागला असता? कदाचित तू तरीही गेला असतास. तुझी ती बिअर, तुझी ती प्रार्थना, हे सगळं तुझंच होतं, ते मला दिसतं. पण मी बोलले नाही, आणि मग मी एका फळीवर बाटल्या मांडत बसले. एकदा गप्प बसले ते पुरे झालं. म्हणून आज बोलते आहे. योरिस, ठीक नाही. तुझं नाक गेलं आहे.

आता त्या पिवळट डागांचं. काल मी सायकल काढून ओमेरकडे गेले आणि यंदाच्या फुलांची पिशवी भरून आणली. "उशीत भरतेस का? झोप लागत नाही वाटतं," म्हणाला. मी हो म्हटलं. घरी येऊन हे सगळे कोरे कागद टेबलावर पसरले आणि मूठमूठ फुलं घेऊन दोन्ही बाजूंनी चोळले. पाकीटही चोळलं. आज दुपारपासून कॅफेत पाय टाकणारा जो तो दारात थांबतो, नाक वर करतो आणि हंगाम परत आला का म्हणून विचारतो. उद्या लीव्हन हे पाकीट खिशात घालून आणेल, त्याचा कोट आठवडाभर घमघमत राहील. तू पाकीट फोडलंस तेव्हा पहिली ओळ वाचायच्या आधीच तुला हे कळायला हवं होतं. कळलं असेल तर माझं सगळं चुकलं. मी मठाच्या फाटकाशी येऊन तुझी माफी मागेन, आणि खाटकाचीही मागेन. ही ओळ वाचेपर्यंत काहीच कळलं नसेल, तर आता तू कागद नाकाशी धरशील, मला माहीत आहे. धर. हवा तेवढा वेळ धर. मग घडी घालून ठेव. गुरुवारी पेला तुझ्यासमोर येईल तेव्हा तो उचल, तुझ्या मानाचा पहिला घोट तूच घे, पण तोंड उघडू नकोस. लीव्हनकडे बघ आणि म्हण, आधी तू सांग, यात काय काय येतंय. तो गवत म्हणाला तर म्हण, नीट घे.

तुझीच, हे आता लिहायला हरकत नसावी,
इर्मा